ट्रॉम्सोतला जानेवारीचा शेवटचा आठवडा: आर्क्टिक फ्रंटियर्सला जाणाऱ्यांसाठी

ट्रॉम्सोचं नाव काढलं की घरात आधी उणे तीस अंशांचं जाकीट शोधायला सुरुवात होते. तेवढ्या जाकिटाची गरज नाही. नॉर्वेतलं हे शहर ६९.६ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही तीनशेहून अधिक किलोमीटर वर आहे हे खरं, पण किनाऱ्यालगत अटलांटिकचं कोमट पाणी वाहतं आणि जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चारच्या आसपास राहतं. खरी धास्ती पावसाची. साचलेल्या बर्फावर पाऊस पडतो, रात्रीत त्याची काच होते, सकाळी त्या काचेवर पाण्याचा पातळ थर येतो. मग परिषदेच्या दारापर्यंतचे दोनशे मीटर चालणं हे दिवसातलं सगळ्यात जोखमीचं काम होऊन बसतं.

आर्क्टिक फ्रंटियर्स ही आर्क्टिकविषयीची परिषद २००७ पासून भरते, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. मुख्य ठिकाण बंदरावरचं क्लॅरियन हॉटेल द एज. मंत्री, मासेमारी आणि ऊर्जा क्षेत्रातले लोक, सामी या तिथल्या मूळनिवासी समाजाचे प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ असे सगळे एकाच छताखाली असतात. निव्वळ विज्ञानासाठी जायचं असेल तर दर वर्षी गाव बदलणारी आर्क्टिक सायन्स समिट वीक जास्त सोयीची. रेक्याविकच्या हार्पा सभागृहातली ऑक्टोबरमधली आर्क्टिक सर्कल असेंब्ली धोरणाकडे झुकलेली. पण ट्रॉम्सोत एक गोष्ट जास्तीची मिळते: नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूट आणि आर्क्टिक कौन्सिल या आर्क्टिक देशांच्या मंडळाचं कायम सचिवालय, दोन्ही फ्राम सेंटरच्या इमारतीत, हॉटेलपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. ज्यांना भेटायचं ते लोक याच गावात राहतात. म्हणून प्रवासाचा बेत व्याख्यानांभोवती आखू नका, भेटींभोवती आखा.

कागदपत्रं

अ‍ॅबस्ट्रॅक्टची (सादरीकरणाच्या सारांशाची) मुदत साधारण शरद ऋतूत संपते. स्वीकृतीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात व्हिसाची वेळ घ्या. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना सामाईक असलेल्या व्हिसासाठी) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाने पंधरा दिवस पुरतात, पण नाताळाच्या आसपास त्या पंधराचे तीस कधी होतात ते कळत नाही. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

स्वालबार्डला जायची थोडी जरी शक्यता असेल तर पहिल्याच अर्जात किमान दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा. स्वालबार्ड हा उत्तरेकडचा द्वीपसमूह नॉर्वेचा भाग आहे, पण शेंगेनच्या बाहेर. ट्रॉम्सोहून लाँगयिअरब्येन या तिथल्या मुख्य गावाला निघालात की शेंगेन सोडल्याची नोंद होते आणि परतताना पुन्हा प्रवेश लागतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. हिमाद्रीवर, म्हणजे स्वालबार्डमधल्या भारतीय संशोधन केंद्रावर, जायच्या तयारीतल्या विद्यार्थ्यांनी हे टिपून ठेवावं.

सरकारी संस्थेतल्यांनी दौऱ्याची मंजुरी आणि पोलिटिकल क्लिअरन्सची (परराष्ट्र मंत्रालयाच्या संमतीची) फाइल अडीच-तीन महिने आधी पुढे सरकवावी. फाइल हमखास अडकते ती खर्चाच्या रकान्यावर: निमंत्रणपत्रात राहण्याचा खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं नसतं. आयोजकांकडून ते एक वाक्य लिहून मागून घ्या.

पोचणं आणि राहणं

मुंबई किंवा गोव्याहून दोहा, इस्तंबूल, फ्रँकफर्ट अशा कुठल्याही मार्गाने ओस्लो, आणि तिथून सुमारे दोन तासांत ट्रॉम्सो. शेंगेनमधल्या शहरातून गेलात तर पासपोर्ट तपासणी तिथेच होते. बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे. रांग लांबू शकते, म्हणून जोडविमानासाठी तीन तास ठेवा. बॅग थेट ट्रॉम्सोला जाणार की ओस्लोत उचलून पुन्हा द्यायची, हे मुंबईच्या काउंटरवरच विचारून घ्या. ते कंपनीनुसार बदलतं, आणि पट्ट्यावर फिरत राहिलेली बॅग दोन दिवसांनी हाती येते. संशोधनाचं पोस्टर आणि थर्मल्स हातातल्या बॅगेत ठेवा.

हॉटेल सप्टेंबरातच घ्या. त्याच सुमाराला नॉर्दर्न लाइट्स संगीत महोत्सव असतो, त्यात अरोरा, म्हणजे आभाळातला ध्रुवीय प्रकाश, बघायला येणाऱ्यांची गर्दी. विमानतळ मध्यवस्तीपासून पाचेक किलोमीटरवर आहे. शहर बस घ्या, टॅक्सीचं बिल झोंबतं. रोख रक्कम जवळजवळ लागतच नाही. रविवारी पोचलात तर बहुतेक मोठी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा रात्रीच्या जेवणाची सोय बॅगेत असू द्या.

आता बॅगेत काय न्यायचं. नॉर्वेत युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडवडी घरीच ठेवा. चिवडा, भाकरवडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी चालते. नोंदणी अर्जात नुसतं ‘शाकाहारी’ लिहू नका. मासे, अंडी, जिलेटिन यांतलं काय चालत नाही ते वेगळं नोंदवा. आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, दोन गोल पिनांचा फोनचा चार्जर बसतो. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

पाय आणि झोप

अंगात लोकरीचा एक पातळ थर, त्यावर स्वेटर, वरून वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. एवढं पुरतं. सभागृहं चांगली उबदार असतात, त्यामुळे काढता-घालता येणारे थर हवेत. सगळे पैसे बुटांवर खर्च करा. कडक चामडी तळ टाळा. बुटांवर ताणून बसवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथे ‘ब्रोडर’ म्हणून किराणा आणि खेळाच्या दुकानांत मिळतात. आधी चवड्यावर अडकवायचे, मग टाचेवर ओढायचे. खिळे चवड्याच्या रुंद भागाखाली आले पाहिजेत. तळव्याच्या मधल्या खोलगट भागात सरकले तर ते जमिनीला टेकतच नाहीत. दारातून आत शिरताना मात्र आधी ते काढा, कारण गुळगुळीत फरशीवर लोखंडी खिळे बर्फापेक्षाही जास्त घसरतात. हॉटेलच्या लॉबीत पडणारे बहुतेक याचमुळे पडतात. चालताना पावलं आखूड, तळवा पूर्ण टेकवलेला, हात खिशाबाहेर.

सूर्य २१ जानेवारीच्या सुमारास डोंगरावर परत दिसू लागतो. महिनाअखेरीला दिवस चार-पाच तासांचा असतो. घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे, म्हणजे तिथले संध्याकाळचे पाच वाजले की शरीराचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि पोस्टर सत्रं बहुधा त्याच वेळी. शक्य तर दोन दिवस आधी पोचा आणि रोज अकरा ते एकच्या उजेडात अर्धा तास बाहेर चाला.

पोस्टर

ए-झिरो आकार ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, बहुतेक ठिकाणी उभा. आडवा छापला तर बोर्डाच्या बाहेर लोंबतो. कापडावर छापून घ्या, पुण्या-मुंबईत सहज होतं, आणि घडी करून नेता येतं. मात्र कापडाला टाचण्या लागतात आणि काही बोर्डांवर फक्त चिकटपट्टी चालते. दहा टाचण्या आणि मजबूत दुहेरी चिकटपट्टी, दोन्ही जवळ ठेवा.

नकाशा ध्रुवकेंद्री प्रक्षेपणात काढा. अक्षांश-रेखांशांच्या सरळ चौकटीत काढलेला आर्क्टिक वरच्या बाजूला ताणला जातो आणि ध्रुवाजवळचा इवलासा प्रदेश सैबेरियाएवढा दिसतो. इंद्रधनुषी रंगपट्टी टाळा: तिच्यातल्या पिवळ्या पट्ट्यामुळे नसलेली सीमा डोळ्यांना दिसते.

समुद्रावरच्या बर्फाचा ‘विस्तार’ आणि ‘क्षेत्रफळ’ यांची गल्लत हा भारतीय पोस्टरांवरचा नेहमीचा दोष. विस्तार मोजताना ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ आहे तो चौकोन पूर्ण धरतात. २५ बाय २५ किलोमीटरच्या, म्हणजे ६२५ चौरस किलोमीटरच्या चौकोनात १६ टक्के बर्फ असेल, तर विस्तारात ६२५ जमा होतात आणि क्षेत्रफळात फक्त १००. सप्टेंबर २०१२ चा सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरचा नीचांक, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून जरासाच मोठा, हा विस्ताराचा आकडा आहे. अक्षावर कोणती राशी आणि संदर्भकाळ कोणता, १९८१–२०१० की १९९१–२०२०, हे लिहिलं नसेल तर पहिली पाच मिनिटं तेवढ्यातच जातात.

मान्सूनचा प्रश्न

तो येतोच: तुमचा आर्क्टिकशी काय संबंध? उत्तर तयार ठेवा. २०२१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांसोबत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि भारतात मान्सूनच्या अखेरीस होणारी अतिवृष्टी यांच्यातलं संभाव्य नातं त्यात मांडलं आहे. मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात भिजतं, हे सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो.

पण ‘संभाव्य’ हा शब्द गाळू नका. समोर बसलेले लोक याच गणितात मुरलेले असतात. उन्हाळी बर्फ १९७९ पासून घटतो आहे, मध्य भारतातल्या मोठ्या अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आहेत. दोन्ही मालिकांमधला दीर्घकालीन कल काढून न टाकता सहसंबंध काढला तर तो भरघोस येणारच. गेल्या चाळीस वर्षांत सतत वाढलेल्या कुठल्याही गोष्टीचा बर्फाशी तसाच सहसंबंध येतो, मुंबईतल्या मोटारींचासुद्धा. आधी कल काढून टाका, मग उरलेल्या चढउतारांत नातं टिकतं का बघा. त्यानंतर एल निनो आणि हिंदी महासागरातला द्विध्रुव (त्याच्या पूर्व-पश्चिम तापमानातला फरक) यांचा प्रभाव वेगळा करा. मागचं वर्ष पुढच्या वर्षात उतरतं, त्यामुळे पंचेचाळीस वर्षं म्हणजे पंचेचाळीस स्वतंत्र नमुने नव्हेत. विश्वासार्हता तपासताना प्रभावी नमुनासंख्या, म्हणजे खरोखर स्वतंत्र नमुने किती ते, धरा. या तीन पायऱ्यांची एक छोटी चौकट पोस्टरच्या कोपऱ्यात असली तर चर्चा थेट यंत्रणेवर जाते: वातावरणातला लहरींचा मार्ग कोणता, उशीर किती आठवड्यांचा. खरं काम तिथून सुरू होतं.

ऐकायला जायचंच असेल तर बर्फावर पडणाऱ्या पावसाचं सत्र चुकवू नका. पाऊस बर्फात मुरतो आणि जमिनीलगत गोठतो. त्या थराखालचं दगडफूल (लायकेन) रेनडिअरला खुराने उकरता येत नाही, आणि सामी पशुपालकांना चारा विकत आणावा लागतो. स्वालबार्डमधल्या न्यु-ओलेसुन्द या संशोधन-गावात फेब्रुवारी २०२५ चं सरासरी तापमान उणे ३.३ होतं, १९६१–२००१ ची फेब्रुवारीची सरासरी उणे १५ आहे. रस्त्यावरची काच आणि हे आकडे यांच्यामागचं कारण एकच. २०२२ नंतर रशियाशी बरंचसं सहकार्य तुटलं आहे आणि जवळपास निम्म्या आर्क्टिक किनाऱ्याची निरीक्षणं मिळणं अवघड झालं आहे. अशा वेळी सामी पशुपालकांच्या नोंदींना फार मोल आहे.

भेटी

तीन आठवडे आधी ईमेल पाठवा: वीस मिनिटं, एक पान, एकच मागणी. ‘सहकार्याच्या संधी’ अशा मोघम पत्राला उत्तर येत नाही. ‘काँग्सफिओर्डमधल्या इंडआर्कच्या तापमान-क्षारतेच्या नोंदी तुमच्या मोजणीशी पडताळून बघायच्या आहेत’ याला येतं. २०१४ पासून स्वालबार्डच्या त्या खाडीत असलेली इंडआर्क ही भारतीय वेधशाळा समुद्रात नांगरून ठेवलेली आहे. तिच्यामुळे आपण तिथे पाहुणे नसून शेजारी ठरतो.

हिमाद्रीवर, म्हणजे न्यु-ओलेसुन्दमधल्या २००८ पासूनच्या आपल्या केंद्रावर, उपकरण लावायचं असेल तर दोन गोष्टी ट्रॉम्सोतच पक्क्या करा. पहिली, प्रकल्पाची रिसर्च इन स्वालबार्ड पोर्टलवरची नोंद; परवानग्यांची सगळी साखळी त्या क्रमांकावर चालते. दुसरी, रेडिओ शांतता. तिथल्या भूगणिती (पृथ्वीचा आकार आणि हालचाल मोजणाऱ्या) वेधशाळेच्या अँटेना अवकाशातल्या क्वासार नावाच्या दूरच्या तेजस्वी स्रोतांचे अतिक्षीण संकेत टिपतात, म्हणून गावाभोवती वीस किलोमीटरच्या परिसरात दोन ते बत्तीस गिगाहर्ट्झचं प्रसारण विनापरवाना करता येत नाही. वायफाय आणि ब्लूटूथ नेमके त्यातच येतात. हल्लीचे बरेच डेटालॉगर (नोंदी साठवणारी उपकरणं) फक्त ब्लूटूथवरच जुळतात. ते तिथे पोचल्यावर मुके होतात, आणि एक अख्खा हंगाम वाया जातो. केबलने नोंदी उतरवता येतील असंच मॉडेल निवडा, आणि ती केबल दोन नगांत घ्या.

अरोरासाठी महागडी सहल लागतेच असं नाही. आभाळ निरभ्र असेल तर शहर ज्या बेटावर आहे त्याच्या माथ्यावरचं प्रेस्टवानेट तळं किंवा दक्षिण टोकाचं टेलिग्राफबुक्टा पुरेसं अंधारं असतं. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झरझर उतरते.

परतीच्या दिवशी ट्रॉम्सो-ओस्लो आणि ओस्लोहून पुढचं विमान एकाच तिकिटावर असू द्या. धावपट्टी साफ करताना आणि पंखांवरचा बर्फ उतरवताना तासभर सहज जातो. वेगळ्या तिकिटांवर पुढचं विमान चुकलं तर भुर्दंड तुमचाच. वेगळी तिकिटं घ्यावीच लागली तर मधली एक रात्र ओस्लोत काढा.