बार्ज तयार, पण अक्षांशाचा तक्ता अडकला

समुद्राखालची केबल किनाऱ्यावर ओढायला एका भरतीचे काही तास पुरतात. ती ओढायची परवानगी हातात पडेपर्यंत मात्र हंगाम निम्मा सरतो, आणि माझा राग त्याच्यावर आहे. मी बडोद्यात बसून या कामाचं नियोजन आणि कागदपत्रं बघतो. केबल उतरते मुंबईला, वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर. इथल्या सयाजीराव विद्यापीठातून शिकून या कामात येणारी आपली मराठी मुलं विंच, म्हणजे दोर ओढणारं यंत्र, आणि पाण्यात उतरणाऱ्या डायव्हरांबद्दल विचारतात. काम अडतं कुठे, ते आधी सांगतो.

जहाजावर केबलमार्गाचा तक्ता अंश आणि दशांश मिनिटांत असतो. समजा, एक बिंदू १९° ०८.५०′ उत्तर आहे. एका कार्यालयाच्या अर्जात फक्त दशांश अंशांचा रकाना होता. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून ८.५० ला ६० ने भागायचं, म्हणजे १९.१४१७. अर्जात आपण हेच भरलेलं असतं, पण सोबतच्या नकाशावरची मिनिटं बघून तिथे कुणीतरी आदेशात १९.०८५० टंकतं. फरक ३.४ सागरी मैल, म्हणजे जवळपास ६.३ किलोमीटर! परवानगी मिळते, पण भलत्याच किनाऱ्याची. चार अंक बदलून द्या म्हटलं, तर उत्तर येतं, ‘नवा अर्ज करा.’ नव्या अर्जाची छाननी पुन्हा पहिल्यापासून. उभ्या बार्जचंही, म्हणजे सपाट तळाच्या कामाच्या बोटीचंही, भाडं चढत असतं, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे काम साधारण ऑक्टोबर ते मे एवढंच करता येतं. चूक त्यांची आणि हंगाम आमचा जातो, हे मला अजून पटलेलं नाही.

म्हणून प्रत्येक बिंदू दोन्ही पद्धतींत लिहा आणि तक्त्याच्या माथ्यावर ‘डब्ल्यूजीएस-८४’ ठळक टाका, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापावर मोजलेत ते कळतं; जीपीएस हेच माप वापरतं. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट या वेगळ्या मापाच्या आधारावरचे असतात, त्यांवर हेच आकडे टाकले की रेषा सरकते. आधीच्या बिंदूपासूनचं अंतर हा एक जास्तीचा रकाना ठेवा. आकडा चुकला की अंतर जुळत नाही आणि टंकणाऱ्यालाही ते दिसतं. भरतीरेषा ते ओहोटीरेषा हा पट्टा सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, १ब मध्ये आणि पुढचं १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी ४अ मध्ये मोडतं, तेव्हा दोन्हींतली केबलची लांबी वेगवेगळी दाखवा. सगळ्या अर्जांना तोच एक तक्ता जोडा. आणि सहीला जाण्याआधी आदेशाचा मसुदा बघायला मागा. संकोच करू नका, तो मागण्यात काही गैर नाही.

जहाजाचा परवाना आणि कस्टमचे कागद वेळेत दिले तर सहसा अडत नाहीत.

आता भरती. बडोदेकरांना कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ माहीत आहे, भरतीला ते पाण्याखाली जातं. खंभातच्या आखातात पाणी १० मीटरच्या वर चढतं-उतरतं. मुंबईला त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण तेवढाही ओढ तरंगत्या केबलीला धनुष्यासारखी वाकवतो. म्हणून तारीख उधाणाची नको, अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हाची घ्या. चढत्या पाण्यात ओढायला लागा, म्हणजे टोक किनाऱ्याला येईस्तोवर पाणी थबकलेलं असतं.

मुंबईसमोर तळ उथळ असल्यामुळे मोठं जहाज लांबच थांबतं आणि किनाऱ्याकडचा तुकडा कमी पाण्यात चालणारी बार्ज टाकते. हा तुकडा डबल आर्मरचाच, म्हणजे पोलादी तारांचे दोन थर असलेलाच हवा. दर ३ ते ५ मीटरला फ्लोट बांधायचा, टोकाला जाळीची पकड आणि तिच्यापुढे स्विव्हल, म्हणजे फिरता जोड. स्विव्हल नसेल तर दोराचा पीळ केबलीत उतरतो. विंचवर ताण दाखवणारा लोडसेल लावा आणि केबल बनवणाऱ्याने दिलेली ताणाची मर्यादा विंचवाल्याच्या समोर लिहून ठेवा. लहान होड्या बाजूने केबल रेषेत धरतात.

त्याआधी एक राहिलं: कोळी बांधवांची डोलीची जाळी खुंटांवर एका जागी बांधलेली असतात. मार्गातली जाळी कधी आणि किती दिवस काढायची, हे तांडेलांशी, म्हणजे होडीच्या प्रमुखांशी, आणि त्यांच्या सोसायटीशी बसून ठरवा, नुसती नोटीस लावून नाही.

टोक किनाऱ्यावरच्या मॅनहोलमध्ये, म्हणजे केबल जोडायच्या जमिनीखालच्या खोलीत, आलं की आर्मर क्लॅम्पमध्ये घट्ट करा आणि फायबर व इन्सुलेशन तिथेच तपासा. फ्लोट त्यानंतरच, किनाऱ्याकडून समुद्राकडे कापत जा. तरंगती केबल परत घेता येते, तळाला बसलेली उचलायला पुन्हा सगळा फौजफाटा लागतो.

किनाऱ्याजवळ केबलीच्या संरक्षणाला तिच्यावर दोन अर्ध्या कवचांनी बसवतात त्या ओतीव लोखंडाच्या जोडपाइपाचा एक तुकडा अर्ध्या मीटरचा धरला, तर १०० मीटरला २०० जोड्या, म्हणजे ४०० अर्धी कवचं. थोडी जास्तीची मागवा. वाळूतला चर साधारण २ मीटर खोल असतो, पण ती खोली जानेवारीच्या वाळूपासून मोजू नका. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि पुरलेली केबल उघडी पडते. पावसाळ्यानंतरच्या मोजणीतली सर्वांत खालची पातळी घ्या आणि त्याखाली २ मीटर खणा.