एक्स्प्रेसवरची वेबसाइट लॅम्डावर नेताना

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट मी सांभाळतो. कापूस, तूर, सोयाबीन यांचे रोजचे भाव, गोदामाच्या वेळा आणि सभासदांचे खाते एवढाच तिचा पसारा आहे. ती एक्स्प्रेस या जावास्क्रिप्टच्या सर्व्हर-चौकटीवर लिहिली आहे. तिची पाने सर्व्हरवरच तयार होऊन पूर्ण एचटीएमएलच्या रूपात मोबाइलवर जातात आणि ती पद्धत मी हट्टाने कायम ठेवली आहे. पुष्कळ सभासदांचे फोन जुने आहेत, शेतात नेटवर्कचा भरवसा नाही आणि जड जावास्क्रिप्ट उतरेपर्यंत थांबण्याची कोणाची तयारी नसते. शिवाय वेबसाइटचा पत्ता येथे कोणी टाइप करत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेली लिंक लोक दाबतात. त्या लिंकखाली दिसणारे शीर्षक व चित्र घेताना व्हॉट्सॲप पानातील जावास्क्रिप्ट चालवत नाही, आयत्या एचटीएमएलमध्ये जे असेल तेवढेच उचलते. ‘आजचा कापसाचा भाव’ हे शीर्षक त्यामुळे सर्व्हरनेच लिहून पाठवावे लागते.

आमच्याकडे गर्दी असते ती दिवाळीपासून होळीपर्यंत, तीही हर्रास सुरू होण्याच्या सुमारास. उन्हाळ्यात सगळा शुकशुकाट. अशा वेबसाइटसाठी बारा महिने सर्व्हरचे भाडे भरणे मला पटेना, म्हणून ती ॲमेझॉनच्या लॅम्डावर नेली. २०१४ मध्ये आलेल्या या सेवेत पानाची विनंती आली की कोड चालतो, चालला तेवढ्या वेळेचेच पैसे लागतात आणि महिन्याच्या पहिल्या दहा लाख विनंत्यांना शुल्क नाही. भाड्याचा सर्व्हर म्हणजे पाडव्याला ठरवलेला सालदार. कोणते अवजार कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्याला ठाऊक असते. लॅम्डावरचे फंक्शन, म्हणजे तेथे चढवलेला कोड, मात्र रोजंदारीवर येते आणि काल आपण काय कुठे ठेवले, हे त्याला विचारून उपयोग नसतो. तेव्हा कोड चढवण्यापेक्षा अधिक विचार करावा लागतो तो जुन्या सर्व्हरच्या भरवशावर आपण काय काय सोडून दिले होते याचा.

कोड चढवणे तसे सोपे आहे. एक्स्प्रेस पोर्टवर (विनंती येण्याच्या दारावर) ऐकत बसते आणि लॅम्डा प्रत्येक विनंती एका इव्हेंटच्या (घटनेच्या नोंदीच्या) रूपात देते; या दोहोंना जोडणारी तयार लायब्ररी मिळते. कोडची झिप फाइल उलगडल्यावर सगळा मजकूर २५० एमबीच्या आत बसला पाहिजे. फोटो लहान करणाऱ्या काही लायब्रऱ्या ज्या प्रणालीवर बसवाव्यात तिथेच चालतात आणि लॅम्डा लिनक्सवर चालते, म्हणून बिल्ड (कोडची जुळणी) विंडोजच्या लॅपटॉपवर न करता गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेच्या लिनक्स यंत्रावर करावे. पुश, म्हणजे गिटहबला पाठवलेला कोड, एकदा पोहोचला की मागाहून भारनियमन सुरू झाले तरी काम अडत नाही, हा आमच्या भागातला जास्तीचा फायदा.

गोदामाच्या पावत्यांचे फोटो पूर्वी सर्व्हरच्याच डिस्कवर जात असत. लॅम्डावर टेम्प फोल्डरखेरीज कुठेही लिहिता येत नाही आणि तेथील फाइल पुढच्या विनंतीला सापडेलच असे नाही. म्हणून फोटो एस३ या ॲमेझॉनच्या फाइल साठवण्याच्या सेवेत आणि लॉगिनचे सेशन (कोण आत आले आहे याची नोंद) डेटाबेसमध्ये हलवले.

डेटाबेसचे प्रकरण जास्त नाजूक आहे. लॅम्डावर चालणाऱ्या फंक्शनची एक प्रत सर्वसाधारणपणे एका वेळी एकच विनंती हाताळते. म्हणजे पन्नास लोकांनी एकाच क्षणी लिंक दाबली तर पन्नास प्रती उभ्या राहतात आणि प्रत्येकीने पोस्टग्रेसशी, म्हणजे आमच्या डेटाबेसशी, आपापली जोडणी उघडलेली असते. पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा १०० आहे. प्रत्येक प्रतीला पाच जोडण्यांची मुभा दिली असेल तर ऐन हंगामात ती ओलांडायला वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक प्रतीला एकच जोडणी आणि मध्ये थोड्या जोडण्या अनेक प्रतींना वाटून देणारा पीजीबाउन्सर, अशी रचना केली. फंक्शन आणि डेटाबेस एकाच ठिकाणी असणेही तितकेच आवश्यक आहे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून सुरू आहे, तरी अनेक सेवांची मूळ निवड अमेरिकेची असते. फंक्शन व्हर्जिनियात आणि डेटाबेस मुंबईत राहिला तर प्रत्येक प्रश्नोत्तराला सुमारे २०० मिलिसेकंद जातात. एका पानासाठी एकापाठोपाठ पाच प्रश्न विचारले की एक सेकंद वाटेतच संपतो.

घड्याळाकडेही पाहावे लागते. लॅम्डाची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कापसाची गाडी भरून बाजार समितीकडे निघालेला शेतकरी पहाटे पाचला भाव पाहतो, तेव्हा यूटीसीनुसार आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि पान त्याला कालची तारीख दाखवते. तारीख बनवताना ‘आशिया/कोलकाता’ हा कालविभाग कोडमध्येच स्पष्ट द्यावा, यंत्राच्या वेळेवर विसंबू नये.

बराच वेळ कोणी न आल्यास पहिल्या विनंतीला नवी प्रत उभी राहण्याची वाट पाहावी लागते. मेमरी वाढवली की प्रोसेसरचा वाटाही वाढतो आणि हा वेळ कमी होतो. १७६९ एमबीला एक पूर्ण प्रोसेसर मिळतो. पण माझ्या मते खरा उपाय कॅश, म्हणजे तयार पान जपून ठेवणे, हाच आहे. भावाचे पान सर्वांना सारखेच दिसते, मग ते दर वेळी नव्याने का घडवावे? क्लाउडफ्रंट या ॲमेझॉनच्या कॅश सेवेला ते पाच मिनिटे जपून ठेवायला सांगितले आणि त्यानंतर बहुतेक वाचक फंक्शनपर्यंत पोहोचतच नाहीत. सभासदाच्या खात्याच्या पानाला मात्र ‘नो-स्टोअर’ (साठवू नका) ही सूचना लावलीच पाहिजे, नाहीतर एकाचा हिशेब दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडेल.

रोज सकाळी भाव गोळा करणारे काम पूर्वी वेबसाइटच्याच प्रोसेसमध्ये टायमरने चालत असे. लॅम्डात उत्तर पाठवून झाले की प्रत गोठते आणि टायमरही तिच्यासोबत थांबतो. ते काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढून ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या ॲमेझॉनच्या इव्हेंटब्रिज शेड्यूलरला जोडले आहे. तेथे कालविभाग थेट देता येतो, त्यामुळे साडेपाच तासांची वजाबाकी करत बसावे लागत नाही.