जुना पॉवर काइट घ्यावा का? ब्लेड ४.९ चं आतापर्यंतचं

उडला एकदाचा! फ्लेक्झिफॉइल कंपनीचा ब्लेड, ४.९ चौरस मीटरचा, चार दोऱ्यांचा पॉवर काइट, म्हणजे माणसाला ओढणारा मोठा पतंग. एका रिटायर्ड काकांच्या गॅरेजमध्ये बरीच वर्षं पिशवीत पडून होता, त्यांनी ४५ पाउंडाला दिला आणि वर जमिनीत ठोकायचा स्टेक फुकट. "कशाला तो जुना डबा घेतोस, नवीनच घे ना" असं म्हणणारे बरेच जण होते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फिक्स्ड ब्रायडलचा फॉइल असेल, म्हणजे नुसतं कापड आणि दोऱ्या, हवा भरायच्या नळ्या नाहीत, व्हॉल्व्ह नाही, हातात धरायचा दांडा (बार) नाही, तर जुना बिनधास्त घ्या. ब्लेड, बीमर, बस्टर, पीटर लिनचे जुने फॉइल, या सगळ्यांत बिघडण्यासारखं असतंच किती? कापड आणि दोऱ्या. त्यातल्या दोऱ्या बदलता येतात, त्यामुळे पैसे मोजायच्या आधी बघायचं ते कापड.

कापडासाठी माझी टेस्ट अगदी गावठी आहे. रिपस्टॉप, म्हणजे काइटचं कापड, ओठांवर घट्ट धरायचं आणि हवा आत ओढायची. कोटिंग शाबूत असेल तर कापड ओठांना चिकटतं, हवा येतच नाही. आरामात श्वास घेता आला तर कोटिंग गेलं समजा, तो काइट फुगेल पण ओढणार नाही, भाव कितीही कमी असला तरी सोडून द्या. वरच्या बाजूला मधोमध बघा, ऊन सगळ्यात जास्त तिथे खाल्लेलं असतं. माझ्यावाला लाल होता तो आता गुलाबीकडे झुकलाय, पण चुरगाळला की अजून कडक कागदासारखा वाजतो, म्हणून घेतला.

दुसरं म्हणजे आतल्या पट्ट्या, रिब्स. हे बहुतेक लोक बघतच नाहीत. काइट नाकावर जोरात आपटला की आतली हवा एकदम दाबली जाते, तिला बाहेर पडायला वाट नसते, मग आतली रिब फाटते आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या तोंडातून एकेक सेल बघायचा, कंटाळवाणं काम आहे पण करा. माझ्या काइटमध्ये डाव्या टोकाजवळ एक शिवण बोटभर उसवलेली निघाली, ती घरच्या मशीनवर पॉलिएस्टर दोऱ्याने मारली, झालं. शेपटीकडच्या कोपऱ्यांतून वाळू मात्र मूठभर निघाली.

आता खरी गंमत दोऱ्यांची. पहिल्यांदा ब्रीनला (इंग्लंडमध्ये ब्रिस्टल चॅनलचा किनारा) नेला तेव्हा वर जायचा, जरा थबकायचा आणि मग मागे मागे सरकत खाली यायचा, ब्रेकला (काइटची मागची कड ओढणाऱ्या दोन दोऱ्या) हातही लावलेला नसताना. जुना काइट "मेलाय" असं लोक म्हणतात ते बऱ्याचदा हेच असतं, आणि तो मेलेला नसतो. होतं काय, सगळा ताण पॉवर लाइनवर (पुढच्या दोन मुख्य दोऱ्या) येतो त्यामुळे त्या वर्षानुवर्षं लांबत जातात, ब्रेकवर ताण कमी म्हणून त्या तेवढ्या लांबत नाहीत, उलट पडून पडून थोड्या आखडतातही. म्हणजे ब्रेक कायम थोडा ओढलेलाच राहतो. चारही लाइन एका स्टेकला अडकवल्या, दुसऱ्या टोकाने सारख्या ताणून बघितल्या तर पॉवर लाइन चांगल्या चार बोटं लांब निघाल्या! हँडलच्या खालच्या छोट्या दोरीवर (लीडर) गाठी असतात, तिथे ब्रेक बाहेरच्या गाठीवर सरकवले, एवढंच केलं. पुढच्या वेळी पश्चिमेचा दहा-बारा नॉट वारा होता, काइट डोक्यावर जाऊन गप उभा राहिला आणि खाली आडवा फिरवला तर वाळूत टाचा रुतवून बसायची वेळ आली.

काय घेऊ नये ते पण सांगतो. हवा भरायचे जुने काइटसर्फिंगचे काइट, खासकरून २००५ च्या आधीचे, इंग्रजी C सारखे वाकलेले सी काइट. लेगेन्यू बंधूंनी फुगवायच्या काइटचं पेटंट १९८४ मध्ये घेतलं, पण बार सोडला की ओढ जवळजवळ पूर्ण जाते असे बो काइट बाजारात यायला २००५ उजाडलं. त्याआधीचे बार सोडला तरी ओढतच राहतात, काइट झटकन सोडायचे रिलीजही जुन्या पद्धतीचे, शिवाय ब्लॅडरच्या (आतल्या हवेच्या नळीच्या) व्हॉल्व्हचा गोंद सुटतो तो वेगळाच ताप. वीस पाउंडाला मिळाला तरी मला नको, फार तर कापून पिशव्या शिवाव्यात.

फॉइल जुना असला तरी काइट किलर मात्र नवे घ्या. मनगटाला बांधलेले ते दोन पट्टे, हँडल सोडले की फक्त ब्रेक धरून राहतात आणि काइट खाली पडतो. जुन्या पिशवीत ते नसतातच किंवा इलॅस्टिक मेलेलं असतं. आणि संक्रांतीच्या पतंगाच्या हिशोबाने वारा मोजू नका, वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, दहावरून चौदा नॉट झाला तरी जवळपास दुप्पट. पहिला जुना काइट घेणार असाल तर तीन चौरस मीटरचा बघा, ४.९ नको.

ब्रीनला येणाऱ्यांसाठी: भरती-ओहोटीचं टेबल बघूनच या. ब्रिस्टल चॅनलला पाणी प्रचंड आत-बाहेर होतं आणि ओहोटीला खाली जो चिखल उघडा पडतो त्यात माणूस रुततो, काइट तिकडे पडला तर पाण्याच्या दिशेने पळत सुटू नका. वरची घट्ट वाळू भरपूर आहे.

पुण्याहून एकाने विचारलंय की सुट्टीत येताना एखादा आणशील का. आणेन की, बॅगेत सहज मावतो. पण कोकणात उडवायचा तर साधारण फेब्रुवारी ते मे, दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर, आणि रिकामा किनारा बघून. पावसाळ्यातला झोडपणारा वारा याच्या कामाचा नाही.

पुढचं काम म्हणजे नवीन लाइन सेट, पॉवरला २०० किलो, ब्रेकला १००. जुन्या लाइनला दोन जागी गाठी आहेत आणि डायनीमाला (या दोऱ्यांचा धागा) गाठ मारली की ताकद निम्म्यावर येते, त्यामुळे त्या ठेवणार नाही. नंतर जमलं तर बग्गी, म्हणजे काइटने ओढायची छोटी गाडी. कोणाकडे २० मीटरचा सेट वापराविना पडून असेल तर आधी मला सांगा, नवीन ऑर्डर करायचा थांबतो.