भुशापासून वखारीपर्यंत : आमची वाटचाल

लातूरमध्ये कीड-नियंत्रणाचा व्यवसाय सुरू करण्यापूर्वी मी एका कृषी सेवा केंद्रात नोकरीला होतो. कपाशीवरच्या बोंडअळीचे औषध न्यायला आलेले शेतकरी जाता जाता घरातल्या चौकटीला लागलेल्या, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याविषयी विचारत आणि त्यांच्या हाती बहुतेक वेळा शेतातलेच एखादे औषध पडत असे. घरात वापरायचे औषध वेगळे, मात्रा वेगळी आणि जबाबदारीही वेगळी, हे रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केल्यामुळे मला कळत होते. कीटकनाशक अधिनियम, 1968 नुसार या कामाला परवाना लागतो आणि परवान्यासाठी पदवीबरोबर मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागते. ते मी हैदराबादजवळच्या राजेंद्रनगर येथील केंद्रीय संस्थेत घेतले. आपल्याकडच्या माणसाला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचे, त्यामुळे तेवढे काम सोपे झाले.

पहिली काही वर्षे वाळवीच्या कामावरच घर चालले. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत भिंतीवर चढते. पायाशी आणि फरशीच्या कडेने छिद्रे पाडून औषध सोडले की तिची वाट अडते. भुंग्याचे तसे नाही. त्याची मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते, अळी लाकडातल्या पिष्टमय अंशावर आतल्या आत साधारण वर्षभर जगते आणि कोषातून निघालेला भुंगा बाहेर पडताना एक-दोन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडतो. म्हणजे जे छिद्र आपल्याला दिसते, त्यातला किडा निघून गेलेला असतो आणि ज्यांचे छिद्र अजून पडलेले नाही, तेच खरे आत असतात. पॉलिश केलेल्या दिवाणावर वरून कितीही फवारले तरी ते औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गिऱ्हाईक मात्र म्हणते, “एकदा मारून टाका की, साहेब.” स्वस्तात असे ‘मारून’ देणारे बाजारात कमी नाहीत आणि त्यांच्यामागून दुरुस्तीला जाण्याचे प्रसंग आम्हाला वारंवार आले.

म्हणून आम्ही औषधाआधी तपासणी सुरू केली. छिद्रांतला भुसा ब्रशने पूर्ण झाडून घ्यायचा, खाली काळा कागद पसरायचा, छिद्रांवर मेण चोळायचे आणि ते लाकूड काही आठवडे हलवायचे नाही. कागदावर मैद्याइतकी बारीक, फिकट पूड पुन्हा पडली किंवा मेणाबाहेर नवे छिद्र उमटले, तर कीड जिवंत आहे असे समजायचे. पूड पडली नाही, तर आम्ही तपासणीचे पैसे घेऊन परत येतो. धंद्याच्या दृष्टीने हे सुरुवातीला वेडेपणाचे वाटले, पण औसा-निलंगा भागातली आमची बरीचशी गिऱ्हाइके अशा न केलेल्या कामांमुळेच जोडली गेली.

या भागात काम न करताच परतावे लागण्याचे कारणही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींवरची जड माळवदे कोसळली आणि त्यानंतर अनेकांनी माळवदावरची माती उतरवून पत्रे टाकले. जुन्या तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या मात्र टाकून दिल्या गेल्या नाहीत. त्यांची दारे झाली, देवघरे झाली. अशा लाकडावर छिद्रांची चाळण दिसते आणि माणूस घाबरतो. परंतु हा पूड पाडणारा भुंगा सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. तो बाहेरच्या पांढुरक्या रसकाष्ठात शिरतो आणि लाकूड जुने होऊन त्यातला पिष्टांश संपत गेला की तिकडे फिरकत नाही. पणजोबांच्या काळची छिद्रे मेणाने बुजवावीत, एवढाच आमचा सल्ला असतो.

कीड जिवंत असेल तेव्हा काम चिकाटीचे असते. पॉलिश घासून लाकूड उघडे करावे लागते, एक भाग बोरिक ॲसिड आणि साधारण दीड भाग टाकणखार (बोरॅक्स) गरम पाण्यात विरघळवून त्याचे हात द्यावे लागतात आणि छिद्रांत सिरिंजने औषध सोडावे लागते. हे द्रावण पाण्याने धुऊन जाते, त्यामुळे पावसात भिजणाऱ्या दाराला ते उपयोगाचे नाही. चौकटीला आधीच जळके ऑइल फासलेले असेल तर द्रावण आत मुरतच नाही, आणि दुर्दैवाने हा उपाय आपल्याकडे घरोघरी झालेला असतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कपाटात ठेवणारेही भेटतात. त्यातून निघणाऱ्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही. अशा घरात आम्ही दुसरे काही बोलण्याआधी दारे-खिडक्या उघडतो आणि सगळ्यांना बाहेर काढतो.

तक्रारी वाढल्या त्या नव्या फर्निचरच्या. कमी वयाच्या सागात गाभा थोडा आणि रसकाष्ठ जास्त असते. रंग चढवला की दोन्ही सारखेच दिसतात, आणि वर्ष-दोन वर्षांत पलंगाखाली पूड पडू लागते. कीड लाकडाबरोबरच घरात येते, हे लक्षात घेऊन आम्ही सुतारांकडे आणि वखारींकडे मोर्चा वळवला. “भुंगा वखारीतून येतो म्हणता, मग आमचं लाकूड घेणार कोण?” असे एका वखारवाल्याने तोंडावर सुनावले. त्याची बाजू चुकीची नव्हती. शेवटी एका वयस्कर सुतारांनी फळ्या टाकणखाराच्या द्रावणात बुडवण्यासाठी आपल्या आवारात टाकी बांधू दिली, कारण बाभळीचे लाकूड पाण्यात मुरवूनच गाडीला वापरायचे, हे ते लहानपणापासून पाहत आले होते. पाण्यात पिष्टांश उतरतो हे त्यांना सांगावे लागले नाही. टाकणखार कशाला, तेवढे सांगावे लागले.

आज कापून आणलेल्या फळ्या रंधा मारण्यापूर्वी त्या टाकीत बुडवल्या जातात आणि नंतर सावलीत वाळवल्या जातात. पलंगाच्या खालच्या व कपाटाच्या मागच्या बाजूलाही पॉलिशचा हात द्यावा, हा आग्रह आम्ही धरतो, कारण मादीला अंडी घालण्यासाठी उघडे लाकूडच लागते. आमच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आता फवारणीपेक्षा या कामातून येतो. अलीकडे बांबूच्या फर्निचरसाठीही विचारणा होते. बांबूत पिष्टांश भरपूर, त्यामुळे घुण, म्हणजे पोखरणारा भुंगा, लवकर लागतो आणि प्रक्रिया बांबू ओला असतानाच करावी लागते. वाळलेला बांबू घेऊन येणाऱ्यांना आम्ही सध्या परत पाठवतो आणि पुढच्या तोडीच्या वेळी आधी फोन करायला सांगतो.