व्यसनमुक्ती केंद्र शोधायला निघालात तर आधी रात्रपाळीचा डॉक्टर बघा

"जवळचं व्यसनमुक्ती केंद्र" असं फोनवर शोधल्यावर सगळ्यात वर जो नंबर दिसतो, तो केंद्राचाच असेल असं समजू नका. आम्ही लावलेला नंबर दलालाचा निघाला. दादाची दारू सोडवण्यासाठी वहिनींनी आणि मी जी वणवण केली तिचा हा वृत्तांत आहे. आमच्यामागून याच वाटेनं जाणाऱ्यांना फसवणाऱ्या जागा आधीच कळाव्यात म्हणून लिहितोय. घरच्यांचं एकमत झालंय, पेशंट निदान "बघू" म्हणतोय, सोबत जायला दोन धडधाकट माणसं आहेत, चालू गोळ्यांची यादी आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत आहेत, एवढं धरून चालतो.

दलालाचं बोलणं अतिशय गोड होतं. "तुम्ही योग्य वेळी फोन केलात, काळजी सोडा." पण दादा काय पितो, रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, यातलं काहीही त्यानं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की खर्च कोण करणार आणि विमा आहे का. दादाची अजून पूर्ण तयारी नाही म्हटल्यावर म्हणाला, "माणसं पाठवतो, उचलून आणतील." अशा फोनवर पहिला प्रश्न तुम्ही विचारा: तुम्ही स्वतः केंद्रात काम करता का, आणि माझा पेशंट पाठवल्याबद्दल तुम्हाला कुणाकडून पैसे मिळतात का? उत्तराला फाटे फुटले की फोन ठेवा. पेशंट पुरवून कमिशन खाण्याचा हा धंदा इतका पसरलेला आहे की अमेरिकेला २०१८ मध्ये त्याविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला.

उचलून नेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नको. पेशंट अजिबात ऐकत नसेल तर आधी घरच्यांनीच समुपदेशकाकडे जायचं. प्यायलेला नसताना त्याच्याशी कसं बोलायचं, पिण्याचे परिणाम कुठे त्याचे त्याला भोगू द्यायचे, उपचाराचा विषय नेमका कधी काढायचा, हे शिकवणारी एक पद्धत आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात या पद्धतीनं ६४ टक्के पेशंट उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हेच प्रमाण ३० टक्के होतं. दादाच्या बाबतीत वहिनींच्या शांत बोलण्यानं जे झालं, ते आमच्या काकांच्या आरडाओरड्यानं कधीच झालं नव्हतं.

आता तो वाईट टप्पा. त्या पहिल्या केंद्राचं नाव लिहीत नाही. जागा देखणी होती, बाग, ध्यानाचा हॉल, भिंतीवर सुविचार. संपूर्ण मुदतीचे पैसे आगाऊ घेतले. समुपदेशक म्हणाले, "आजपासून एकदम बंद. फक्त इच्छाशक्ती लागते. पहिला आठवडा भेट नाही, फोन नाही." डॉक्टर कधी असतात असं मी विचारलं तेव्हा "ऑन कॉल आहेत" असं उत्तर आलं. ऑन कॉल म्हणजे रात्री इमारतीत कुणी नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर काय होतं, हे दाखल करणाऱ्या प्रत्येक घराला पाठ हवं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट यायची तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. त्यानंतरचा, साधारण ४८ ते ९६ तासांचा टप्पा सगळ्यात वाईट. काही पेशंटना त्या काळात भ्रम होतो, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी बेफाम होते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जातो. वेळेवर मिळाले तर मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली राहतं.

रक्तदाबाच्या गोळ्या द्यायच्या राहिल्यात असं सांगून वहिनी हट्टानं आत गेल्या. दारू तुटून दोन रात्री उलटल्या होत्या, म्हणजे नेमका धोक्याचा काळ. दादा कॉटवर बसून चादरीवरचं काहीतरी चिमटीत पकडत होता आणि बाजूला टाकत होता. पुन्हा पकडत होता, पुन्हा टाकत होता. चादर स्वच्छ होती. "मुंग्या आहेत," तो म्हणाला, आणि वहिनींना आई समजून दार लावून घ्यायला सांगू लागला. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं अंग भाजतंय. मला ओळखत नाहीत." तिथला वॉर्डबॉय म्हणाला, "नाटक करतायत, पहिले काही दिवस सगळेच करतात."

आम्ही त्याला तिथून काढलं. काढताना आमच्याकडून "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत" असं लिहून घेतलं आणि पैसे परत मिळणार नाहीत असं सांगितलं. तुमच्यावर ही वेळ आली तर पैशांसाठी एक मिनिटही वाद घालत थांबू नका. अँब्युलन्स बोलवा आणि थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे पहिलं वाक्य हे बोला: "रोज दारू पिणारा पेशंट आहे, अमुक वेळेपासून बंद आहे, आता भ्रम होतोय." शेवटच्या घोटाची वेळ सांगितली की पुढची सगळी धावपळ योग्य दिशेनं होते.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, गोंधळ वाढतो, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. मग फिट आणि भ्रम आवरणारं औषध सुरू केलं. यकृत खराब असल्यामुळे त्यातल्या त्यात यकृतावर कमी भार टाकणारं, लोराझेपाम. नर्स ठरावीक वेळानं यायच्या, दादाला हात पुढे करून बोटं पसरायला लावायच्या, घाम, अस्वस्थता, भास असे दहा मुद्दे तपासून आकडा लिहायच्या. त्याची कमाल ६७ असते. आकडा बघून डोस ठरत होता. डोक्याशी बसून तो आकडा उतरताना बघणं, एवढंच त्या रात्री आमच्या हातात होतं. त्यानंतर कुठल्याही माहितीपत्रकातलं बागेचं चित्र मला बघवत नाही.

म्हणून माझा निर्वाळा: रात्री इमारतीत डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स नसेल, तर रोज पिणाऱ्या माणसाला तिथे दारू तोडण्यासाठी ठेवू नका. बाकी सोयी कितीही असोत. फोनवरच विचारा की रात्री दोन वाजता फिट आली तर कोण येणार, कोणतं औषध हाताशी आहे, पेशंट हलवायचा तर कुठे आणि कशानं. दाखल करण्याआधी रक्ताच्या तपासण्या करता का, थायमिन देता का, हेही विचारा. खरं काम करणारी माणसं या प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट तुम्हालाच प्रतिप्रश्न करतात. पेशंटला पूर्वी फिट किंवा असा भ्रम झाला असेल, सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागत असेल, वय जास्त असेल, सोबत झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा दुसरा गंभीर आजार असेल, तर रुग्णालयाशिवाय दुसरा विचारच नको. ज्यांचं पिणं कमी आहे आणि घरात सांभाळणारं माणूस आहे, त्यांना डॉक्टर रोज तपासत घरीही औषधावर ठेवू शकतात. दाखल करणं हाच एक उपाय, असं जो पहिल्याच फोनवर म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर एका मुलाचे वडील भेटले. मुलगा हेरॉइनवर. "एक व्यसन सोडून दुसऱ्या औषधावर कशाला ठेवायचं?" म्हणून ते त्याला पुन्हा पुन्हा फक्त डिटॉक्स करून, म्हणजे अंगातली नशा उतरवून, घरी नेत होते. डॉक्टरांनी त्यांना जे समजावलं ते इथे देतो. अफूच्या जातीचे पदार्थ तोडताना हाल भयंकर होतात, अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, तळमळ. हेरॉइनचा त्रास साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो आणि चार ते दहा दिवस टिकतो. पण खरा धोका घरी आल्यावर असतो. शरीराची सवय मोडलेली असते, आणि तोच जुना डोस पुन्हा घेतला की श्वास थांबतो. त्यामुळे अशा पेशंटसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे दीर्घ उपचार देणारं ठिकाणच शोधा. जागतिक आरोग्य संघटनेनं ही दोन्ही औषधं २००५ मध्ये अत्यावश्यक यादीत घातली आहेत. घरात नॅलोक्सोन ठेवता येईल का तेही विचारा, ओव्हरडोसमध्ये ते जीव वाचवतं. झोपेच्या गोळ्यांचं व्यसन असेल तर त्या कधीच एकदम तोडायच्या नाहीत, त्यातही फिट येते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन) यांसाठी सर्वमान्य औषध नाही. तिथे समुपदेशन, आणि तपासणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस देण्याची पद्धत, यांवर भर असतो. म्हणजे "सगळ्या व्यसनांवर आमचा एकच कोर्स" ही पाटी दिसली की तिथूनच परत फिरा.

पैशांबद्दल. लुबाडणूक बहुतेक वेळा पॅकेजच्या आड चालते. आम्हाला वैयक्तिक समुपदेशन म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात अख्खा हॉल भरून एकच व्याख्यान. लघवीची तपासणी, औषधं, डॉक्टरांची भेट हे सगळं वेगळं लावलं. प्रत्येक बाबीचा खर्च लेखी मागा, मध्येच पेशंट न्यावा लागला तर किती परत मिळेल ते लेखी मागा, आणि संपूर्ण मुदतीचे पैसे आधी देऊ नका. "गॅरंटी" आणि "नव्वद टक्के यश" या शब्दांना काही किंमत नाही. उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा कधीतरी वापरतात, असं व्यसनांवर संशोधन करणारी अमेरिकेची राष्ट्रीय संस्था सांगते, आणि त्याची तुलना रक्तदाब किंवा दम्याच्या पेशंटांनी औषध सोडण्याशी करते. जो शंभर टक्के म्हणतो त्याला विचारा, किती महिन्यांनी मोजले आणि कुणी मोजले.

"न कळत खाण्यात मिसळा, दारू सुटेल" अशा पुड्या विकणारे तुम्हालाही भेटतील. आमच्या एका आत्यांनी तर आणूनच दिली होती. त्या पुडीत काय असतं ते कुणीच सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, ते घेतलेल्यानं दारू प्यायली तर अ‍ॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ अंगात साठून चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. पेशंटला माहीत नसेल तर तो पिणारच, आणि हृदय कमजोर असेल तर जीव जाईल. चोरून काहीही देऊ नका. पुडी असेल तर टाकून द्या, आत्यांना वाईट वाटलं तरी चालेल.

नंतर मनोविकार विभागात उपचार सुरू झाले ते आठवडे चांगले गेले. त्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डॉक्टर वेळेवर, माणसं सरळ, खर्च आधीच सांगितलेला.

दोन गोष्टी मात्र सांगतो. पहिल्या केंद्रात औषधांना "कुबड्या" म्हणून हिणवलं होतं. इथे दादाला नाल्ट्रेक्सोन सुरू केलं, दिवसाला ५० मिलिग्रॅम. दारूसाठी ते अमेरिकेत १९९४ पासून मान्य आहे. पिण्याची ओढ कमी होते, हे दादा स्वतः सांगतो. यकृताची तपासणी बघूनच डॉक्टर ते देतात. अफूच्या जातीचं काही चालू असलेल्याला ते देत नाहीत, कारण लगेच तीव्र त्रास सुरू होतो. मूत्रपिंड ठीक असेल तर अकॅम्प्रोसेट हा दुसरा पर्याय. तुमच्या डॉक्टरांनी या औषधांचा विषयच काढला नाही तर तुम्ही काढा, आणि तरीही टाळाटाळ झाली तर दुसरे डॉक्टर बघा.

दुसरी गोष्ट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका. दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांची ही संघटना १९३५ पासून आहे, फी नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. मला आधी शंका होती, पण वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत या बैठका आणि संघटनेच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांइतके किंवा त्याहून सरस ठरलेत. एक बैठक आवडली नाही तर दुसरीकडे जा, प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा. वहिनी कुटुंबीयांच्या अल-अ‍ॅनॉनला जातात आणि आता रात्री झोपतात. दादाची गोळी तो स्वतः आठवणीनं घेतो, आणि हे लिहिताना मी खरोखर आनंदात आहे, म्हणूनच आग्रहानं सांगतो: बैठक आणि औषध यांत निवड करायला लावणाऱ्याचं ऐकू नका, दोन्ही घ्या.

सुट्टी मिळताना हातात पडणाऱ्या कागदावर पुढच्या भेटीची तारीख, वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहून घेतल्याशिवाय दाराबाहेर पडू नका. ती भेट आठवड्याच्या आत हवी. महिन्यानंतरची देत असतील तर तिथेच उभं राहून बदलून घ्या, आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या मोजून घ्या.