नऊ गाई, दोन वळू आणि एक फसलेली तुलना

हंगाम तिसरा. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियाच्या दक्षिण गिप्सलँड भागात माझं 38 एकरांचं रान आहे. पाच गाई आणि चार कालवडी, सगळ्या काळ्याभोर अँगस, म्हणजे दुधासाठी नव्हे, वजनासाठी पाळायची जात. आठवड्याचे पाच दिवस मेलबर्नची नोकरी. गाईंना वंशावळीचे कागद नाहीत, त्यामुळे जनुकीय आकडे मिळतात ते फक्त वळूचे.

आकड्यांच्या नादाला लागलो तो 14 नंबरच्या गाईमुळे. त्याआधी शेजाऱ्याचा वळू मागून आणायचो. रुंद छाती, सरळ पाठ, बघत राहावं असा. पण 14 तेव्हा पहिलारू होती, आणि जुलैतल्या एका रात्री ती अडली. टॉर्चच्या उजेडात दोन खुरं आणि त्यांच्यावर सुजून जांभळी पडलेली जीभ, एवढंच दिसत होतं. डॉक्टरांनी साखळ्या लावून ओढलं. 46 किलोचं मेलेलं वासरू. 14 वाचली. वळू दिसतो कसा हे मी चार वेळा जाऊन पाहिलं होतं, त्याची वासरं जन्मतात केवढी हे एकदाही विचारलं नव्हतं.

26 ऑक्टोबर, रेतन

दोन वळूंच्या रेताच्या कांड्या घेतल्या. त्यांना क आणि ख म्हणू. इथे वळूंचे जनुकीय आकडे ब्रीडप्लॅन या पद्धतीने काढलेले असतात. आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठात ही पद्धत तयार झाली आणि 1985 पासून वापरात आहे. वळूची स्वतःची वजनं, आईबाप, भावंडं, वासरं आणि आता डीएनए चाचणी, हे सगळं एकत्र तोलून प्रत्येक गुणाचा एक आकडा निघतो.

जन्मवजन: क चं +1.9, ख चं +6.8. 600 दिवसांचं वजन: क चं +118, ख चं +140. सगळं किलोत.

यात मी दोनदा घसरलो, म्हणून सांगतो. +1.9 म्हणजे सरासरीपेक्षा पावणेदोन-दोन किलो जास्त, असं मी आधी वाचलं. तसं नाही. शून्य ही फार जुनी रेघ आहे, जात तिच्या बरीच पुढे सरकली आहे, आणि आजच्या सरासरीशी ताडून बघितलं तर +1.9 हलकं आहे. दुसरं, वासराला बापाकडून निम्मंच मिळतं, म्हणून फरकही निम्माच धरायचा. 4.9 चा निम्मा, म्हणजे जन्मताना सरासरी अडीच किलो. 600 दिवसांना 22 चा निम्मा, अकरा किलो. (अमेरिकेतल्या मंडळींनी जपून. तुमच्याकडच्या आकड्यांत हे निम्मं आधीच केलेलं असतं, शिवाय वजन पौंडात. दोन देशांची पत्रकं शेजारी ठेवून तुलना करू नका.)

आणि दूध +17 म्हणजे 17 लिटर नव्हे! आपण सगळे दुधाच्या गोठ्यातून आलेले, त्यामुळे डोळा तिथेच जातो. ते किलो वासराचे आहेत. या वळूच्या लेकींच्या दुधावर वासराचं 200 दिवसांचं वजन किती हलेल, त्याचा तो अंदाज.

क जुना, भरपूर वासरं नोंदलेला, अचूकता 97 टक्के. ख तरुण, 68 टक्के. तरुण वळूचा आकडा पुढच्या वर्षी सरकू शकतो. म्हणून चार कालवडी आणि 14 यांना क, बाकीच्या चार गाईंना ख.

त्याच रात्री आटपाडीला मामांना फोन केला. त्यांचं उभं आयुष्य खिल्लारात गेलं.

"वळू बगितलास का?"

"नाही मामा, आकडे बघितले."

पलीकडे जरा शांतता. मग, "त्येची माय कशी हाय? आन् खुरं?"

माय कशी, हे तर आकड्यात मुरलेलंच असतं. खुरांचं मात्र मी चाट पडलो. पत्रक पुन्हा उघडलं तर शेवटच्या रकान्यांत खुरांची ठेवण आणि पायाचा कोन, दोन्ही होते. तिथे आकडा जितका कमी तितका बरा. ख चा जास्त होता. मी ते रकाने वाचलेच नव्हते. मामांनी न बघता वाचले. ही जनावरं पुढे कुठे जातात हे त्यांना माहीत आहे. तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

ऑगस्ट, वेत

एक कालवड आणि एक गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. दोघी विकल्या. उरल्या सात. एकीलाही साखळी लागली नाही. 17 नंबर पहाटे आडवी झाली, अर्ध्या तासात मोकळी झाली, वार पडायच्या आत वासरू कासेला भिडलं होतं. मी कुंपणाबाहेर कॉफी घेऊन नुसता उभा.

वासराचं वजन पहिल्या 24 तासांत घ्यायचं असतं. ताडपत्रीची झोळी, वर लटकता काटा, आणि मागे फुरफुरणारी आई. झोळीत वासरू गप्प राहतं, मीच जास्त थरथरतो.

क ची वासरं: 31, 32, 33, 37. ख ची: 38, 39, 40. सरासरीत पावणेसहा किलोंचा फरक. अंदाज अडीचचा होता, म्हणून मी खूश. आकडे खरे, उलट कमीच सांगितले! दोन दिवस तसाच फिरलो. मग 37 पाशी अडकलो. ते 14 चं. क ची बाकी तीन पहिलारू कालवडींची, आणि पहिल्या वेताची वासरं हलकीच असतात. म्हणजे मी दोन वळू तोललेच नव्हते, कालवडी आणि गाई तोलल्या होत्या. गाईंपुरतं बघितलं तर 37 विरुद्ध 39, आणि त्यातही 14 चा गोऱ्हा. गोऱ्हे तसेही जड. एका वासरावर हिशेब कसला उभा राहणार?

फेब्रुवारी, 200 दिवस

ख ची वासरं सरासरी 262, क ची 231. यावर बोलण्यात अर्थ नाही, कारण ख च्या तिघी मी ओढ्याकाठच्या क्लोव्हरच्या, म्हणजे कसदार चाऱ्याच्या, पट्ट्यात सोडल्या होत्या. का, तर तिकडचं फाटक जवळ पडतं. ब्रीडप्लॅनला नोंदी देणाऱ्यांना प्रत्येक वासराचा व्यवस्थापन गट का लिहायला लावतात, ते आता कळलं. एका चाऱ्यावरची, एका वयाची वासरंच एकमेकांशी तोलतात. वेगळं रान, वेगळा गट, तुलना बंद.

शिवाय 600 दिवसांचं वजन मला हवंय कशाला? मी वासरं नऊ-दहा महिन्यांची असतानाच बाजारात नेतो. ख ची कालवड ठेवली तर ती मोठी होऊन जन्मभर जास्त खाईल. प्रौढ गाईच्या वजनाचा रकानाही आहे, तोही आता बघतो.

मधल्या ऑक्टोबरच्या रेतनाला मात्र नीट केलं. आता सातही व्यालेल्या, म्हणून वळू चिठ्ठ्या टाकून ठरवले आणि सगळ्या एकाच रानात ठेवल्या. सहा चिठ्ठ्या, तीन क, तीन ख. 14 ची चिठ्ठी टाकली नाही. तिला क.