वाटली डाळ आणि जामीनकी

ऑगस्ट उजाडला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रणधुमाळी सुरू होते. वर्गणी किती, सत्यनारायण कधी, धायरी नि वाकडहून येणाऱ्यांना रविवारच हवा आणि जागेवर राहणाऱ्यांना रविवारी झोप हवी. मंडळ म्हणजे रथबिथ घेऊन लक्ष्मी रोडवर मिरवणारं नाही हं, नारायण पेठेतल्या एका वाड्याचा गणपती. वाडा पाडून बिल्डिंग झाली तरी पार्किंगमध्ये बसतोच, दोन स्कूटर आणि एक कायमची बंद पडलेली मारुती हलवून. केसरीवाडा हाकेच्या अंतरावर, म्हणजे मानाचा पाचवा शेजारी, त्यामुळे आमच्याकडे कुणी मुद्दाम बघायला येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ओट्यावर बसून, सार्वजनिक गणपती १८९२ ला भाऊ रंगारींनी आधी बसवला की १८९३ ला टिळकांनी सुरू केला यावर रात्री बारापर्यंत भांडणारे दोन पक्ष आमच्यातही होतेच, पुणंच ते.

कार्यक्रम ठरलेले. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, चित्रकला, बायकांची गॅस न पेटवता पदार्थ करायची स्पर्धा (दरवर्षी भेळच जिंकायची, मग स्पर्धा कशाला असं माझी आई दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी भेळच करायची), आणि एका रात्री दोन चादरींचा पडदा लावून नाटक. बक्षीस म्हणजे स्टीलची वाटी, त्यावर मंडळाचं नाव आणि साल कोरलेलं. आमच्या घरात अजून त्या वाट्या आहेत, कुठली कुणाच्या नाटकाची हे आता कुणालाच सांगता येत नाही.

आजी आरती झाली की पानशेतची गोष्ट सांगायची. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांमधून पाणी शिरलं. आमच्या वाड्याची मागची भिंत गेली, खालच्या बिऱ्हाडांचं होतं नव्हतं ते गेलं, घरातला चिखल घमेल्यांनी काढताना तिला सासूबाईंची सहाण सापडली, बाकी काही नाही. आणि दोनच महिन्यांनी गणपती आले. त्या वर्षी मखर नव्हतं, आरास नव्हती, ओलीच जमीन सारवून एका स्टुलावर वीतभर मूर्ती बसवली आणि खिरापत म्हणून गूळ. मी विचारलं होतं, आजी तुला देवाचा राग नाही आला का गं. ती म्हणाली, आला की, चांगला आला, पण म्हणून काय त्याला बसवायचंच नाही?

आता जे सांगायचंय ते जरा खाजगी आहे पण त्यातली बरीच माणसं आता नाहीत आणि जे आहेत त्यांना मी लिहितेय हे माहीत आहे.

वाड्यात खालच्या मजल्यावर एक काका राहायचे, बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, म्हणजे एकाच वाड्यात गोट्या खेळून मोठे झालेले. अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला त्यांचा छोटा छापखाना होता, ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि मंडळाची पावती पुस्तकं नि अहवाल फुकट. मखरही तेच करायचे, थर्माकोलला तापलेल्या तारेने असं कापायचे की आम्ही पोरं तोंडं उघडी टाकून बघत बसायचो आणि तो जळका वास नाकात घेऊन झोपायला जायचो. १९८७ च्या आसपास त्यांनी ऑफसेट मशीन घ्यायला एका पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि जामीन म्हणून बाबांनी सही केली. आईला घरी आल्यावर सांगितलं, तेही भाजी आणलीये म्हणून सांगावं तसं.

धंदा बसला. कुणाचा बसत नाही. पण काकांनी हप्ते थकल्याचं बाबांना सांगितलंच नाही, रोज जिन्यात भेटायचे, चहा प्यायचे, क्रिकेटवर बोलायचे, आणि एक दिवस सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुलीचा कागद आमच्या दारात. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार असा बऱ्याच जणांचा समज असतो, बाबांचाही असावा. तसं नसतं. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची, संस्था आधी कुणाला धरायचं ते ठरवते आणि साहजिकच ज्याचा महिन्याचा पगार नक्की आहे त्याला धरते. बाबा पिंपरीत एका कंपनीत होते, तिथून पगारातनं कापायला लागले. अठरा हजार रुपये मुद्दल आणि वर व्याज. आईच्या पाटल्या गेल्या, तिने साड्यांना फॉल-पिको करून द्यायला सुरुवात केली, रात्री अकरा-अकरापर्यंत मशीनचा आवाज, आणि माझी महाबळेश्वरची ट्रीप रद्द झाली ज्याचा मला तेव्हा या सगळ्यापेक्षा जास्त राग होता. काका बायकोमुलांना घेऊन साताऱ्याला सासरी निघून गेले, खोलीला कुलूप.

त्या वर्षी वाड्यात सगळे म्हणायला लागले की त्यांचं नाव मंडळातून काढा. बाबा बैठकीत गप्प बसून होते. मग मला कळलं ते असं की त्यांनी साताऱ्याला एक पोस्टकार्ड टाकलं होतं, मजकूर पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचला असणार, दोनच ओळी: मखराचा सांगाडा तुझ्याशिवाय कुणाला जोडता येत नाही. चतुर्थीच्या आधी दोन दिवस ये.

काका आले. संध्याकाळी अंधार पडल्यावर आले, मान खाली. बाबांनी या म्हटलं नाही, कसा आहेस विचारलं नाही, माळ्यावरून पट्ट्या काढून दिल्या आणि म्हणाले, हे टोक धर. दोघं रात्रभर तो सांगाडा जोडत होते. मी जिन्यात बसून बघत होते की आता भांडतील, मग भांडतील, पण फक्त हातोडी दे, खिळा वाकलाय, जरा वर घे, एवढंच चाललं होतं. पैशाचा विषय बाबांनी त्यानंतर शेवटपर्यंत काढला नाही. मूर्ती आणायला कसब्यात दोघं गेले, पाटावर मूर्ती, एकाच्या डोक्यावर टोपी, एकाच्या हातात झांज, दरवर्षीसारखे.

आणि इथे सगळे म्हणतात, किती मोठं मन. होतंच. पण आईचं काय?

आई अतिशय देवभक्त. ऋषिपंचमीला पहाटे उठून दगडूशेठसमोर अथर्वशीर्ष म्हणायला जाणारी, संकष्टी न चुकवणारी. बाबा आरतीतसुद्धा मागे उभे राहून वायरी बघायचे, माईक चालू आहे का बघायचे, देवावर त्यांचा विश्वास होता की मंडळावर हे मला कधी कळलं नाही. मला लहानपणी वाटायचं ज्याची श्रद्धा जास्त त्याला माफ करणं सोपं. आमच्या घरात उलटं निघालं. आरतीनंतर आमचे अपराध पोटात घाल म्हणून जी प्रार्थना असते ती आई डोळे मिटून खणखणीत म्हणायची आणि डोळे उघडले की काका दिसले तर तोंड फिरवायची. मला त्यात ढोंग वाटायचं, पुढे स्वतःच्या संसारात थोडे चटके बसल्यावर वाटेनासं झालं. माफ करायचं तर ज्याचं गेलं त्याने करायचं ना, बाबांच्या मोठ्या मनाचा हप्ता आई भरत होती, त्या शिलाई मशीनवर. आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं, सही करताना नाही आणि पोस्टकार्ड टाकतानाही नाही.

विसर्जनाच्या दिवशी वाटली डाळ असते आणि अख्ख्या वाड्याची डाळ आईच करायची. हरभऱ्याची डाळ रात्री भिजत घालायची, सकाळी भरड वाटायची, अगदी गंध नाही करायची, मग मोठ्या कढईत सढळ तेलात हिंग-मोहरीची फोडणी, वाटलेली मिरची, आणि नंतर बसायचं परतत, हात दुखेपर्यंत, डाळ मोकळी होईपर्यंत. ओली राहिली तर घशात बसते. वरून खोबरं कोथिंबीर लिंबू. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवली, हातावर दही घातलं की ती द्रोण भरून एकेकाच्या हातात द्यायची, स्वतः, नावाने हाक मारून. फक्त काकांचा द्रोण माझ्या हातात द्यायची. “त्यांना तू दे.” दरवर्षी. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, लग्न करून कोथरूडला गेले, विसर्जनाला आले की तो द्रोण माझाच.

मधली वर्षं भरभर गेली. वाडा बिल्डरला गेला, सगळ्यांना फ्लॅट मिळाले, काकांनाही, ते परत आले होतेच, एका प्रेसमध्ये नोकरी करून मुलांना मोठं केलं. बाबा २०१९ च्या डिसेंबरात गेले. काका चार दिवस जेवले नाहीत म्हणे, हे त्यांच्या सुनेने सांगितलं, आईला नाही, मला.

आणि मग २०२० चा गणपती, जो कुणीच विसरणार नाही. मिरवणूक नाही, घाटावर विसर्जन नाही, मानाच्या गणपतींचंही मांडवातच झालं, महापालिका म्हणत होती घरीच बादलीत करा. बाहेरच्यांनी यायचं नाही, बिल्डिंगमधलेच पाचसहा जण, बाकीचे व्हिडिओ कॉलवर आणि प्रत्येकाची टाळी वेगळ्या वेळेला. मी तेव्हा आईकडेच राहत होते. उत्तरपूजा झाली, आमचा शाडूचा गणपती पिंपात विरघळायला ठेवला, आणि काकांनी मास्क लावलेल्या तोंडाने आईसमोर एक पाकीट धरलं. “वहिनी, मुद्दल आहे. ह्याच्या हातात द्यायचं होतं, धीर झाला नाही.”

मला वाटलं आई घेणार नाही, किंवा रडेल. तिने पाकीट घेतलं, घरी आणलं, नोटा ताटात पसरल्या, त्यावर सॅनिटायझर मारला, दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या आणि वाळल्यावर बसून मोजल्या. दोनदा. मग गॅलरीतून खाली हाक मारून सांगितलं, बरोबर आहेत हो, आणि व्याज मंडळाला द्या, वर्गणी म्हणून, एकदम नको, दरवर्षी.

तेव्हापासून आमच्या अहवालात सगळ्यात मोठी वर्गणी काकांची असते. नवीन खजिनदार पोरगं क्यूआर कोड घेऊन त्यांच्या दारात जातं, ते रोखच देतात आणि पावती मागून घेतात, शाईने लिहिलेली. त्यांच्याच छापखान्यातल्या जुन्या पुस्तकाची दोन-तीन पानं शिल्लक होती तोवर त्यावरच मागायचे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने, तिला कसलीच भीडभाड नाही, डाळ परतता परतता आजीला सरळ विचारलं की तू त्यांना माफ केलंस का गं. आईने झारा थांबवला नाही. म्हणाली, केलं असतं तर तुला सांगितलं नसतं का. मग एक द्रोण भरून बाजूला ठेवला आणि म्हणाली, हा काकांचा, तू नेऊन दे, आणि दुसरा देऊ नकोस चुकून, ह्यात लिंबू कमी पिळलंय, त्यांना अ‍ॅसिडिटी आहे.